क्लॅश लावण्याआधी लादीची जाडी विचारा

आर्किटेक्टचं आणि आरसीसीवाल्यांचं (काँक्रीटचा सांगाडा डिझाइन करणाऱ्यांचं) इमारतीचं 3डी मॉडेल हातात पडलं की आमच्याकडची नवी मुलं थेट नॅव्हिसवर्क्स (मॉडेल्स एकत्र करून तपासायचं सॉफ्टवेअर) उघडतात. शेकड्यांनी क्लॅश, म्हणजे एकमेकांत घुसलेले भाग, निघतात, त्यातले बहुतेक भिंतीत घुसलेले कॉलम. ते घुसणारच! कॉलम-भिंत ही जोडी आधी चाचणीतून वगळा.

मी सुरुवात रेव्हिटमध्ये, म्हणजे मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करते. आरसीसीची फाइल 'ओरिजिन टू ओरिजिन', म्हणजे दोन्ही फाइलींचे शून्यबिंदू जुळवून, लिंक करा. जुळली नाही तर हाताने सरकवून बसवू नका. तुमच्याकडे जुळलेली दिसेल, नॅव्हिसवर्क्समध्ये पुन्हा फाटेल. शेअर्ड कोऑर्डिनेट्स (सगळ्या फाइलींसाठी एकच संदर्भबिंदू) एकदाच ठरवून घ्या.

मग लेव्हल. इथेच बहुतेक सगळे फसतात. आर्किटेक्टची लेव्हल लादीच्या माथ्याला, आरसीसीवाल्यांची स्लॅबच्या माथ्याला, आणि नाव दोन्हीकडे 'फर्स्ट फ्लोअर'. आमच्या एका कामात लादी आणि खालचा मसाला मिळून 75 मिमी होते. अशा वेळी आरसीसीच्या फाइलमध्ये कॉपी/मॉनिटरने (दुसऱ्या फाइलमधली वस्तू कॉपी करून तिच्यातल्या बदलावर लक्ष ठेवणारं रेव्हिटचं टूल) आर्किटेक्टच्या लेव्हल घेताना ऑफसेट उणे 75 द्या, नावाला 'एसएसएल' (स्ट्रक्चरल स्लॅब लेव्हल) जोडा. ग्रिडही (कॉलमच्या आखणीच्या रेषा) तसेच मॉनिटर करा. उद्या आर्किटेक्टने ग्रिड हलवला तर कोऑर्डिनेशन रिव्ह्यूची सूचना येते.

काँक्रीट कोणाच्या मॉडेलमध्ये, हेही लेखी ठरवा. मी ते आरसीसीकडेच ठेवते, आर्किटेक्टकडे फक्त फिनिश. नाहीतर स्लॅब दोनदा मोजला जातो आणि क्वांटिटीवाले आपल्यावर उखडतात.

जिना मात्र डोळ्यांनीच बघायचा. एकदा मिड-लँडिंगचा बीम पायऱ्यांवर असा आला होता की डोक्यावर जेमतेम 1.9 मीटर उरले. क्लॅश शून्य, कारण बीम कशालाच टेकत नव्हता. नॅशनल बिल्डिंग कोडला 2.2 मीटर मोकळे लागतात. तेव्हापासून प्रत्येक फ्लाइटवर 2.2 मीटर उंचीचा एक पारदर्शक ठोकळा काढून ठेवते आणि बीमचा क्लॅश त्याच्याशी लावते.

आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये टॉयलेट हललं की संकन स्लॅब (टॉयलेटखालचा खोलगट स्लॅब) आरसीसीच्या मॉडेलमध्ये जुन्याच जागी राहतो. ते आठवड्याच्या मीटिंगआधी प्रत्येक मजल्यावर बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

क्लॅशची यादी पाठवताना ग्रिडचं नाव लिहा: 'सी-4, दुसरा मजला, 230 बाय 600 बीम खिडकीच्या माथ्याखाली 150 मिमी'. नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तर येत नाही.