जुनं पेट्रोल मोअर उघडण्याआधी

कोल्हापुरात उद्यमनगरात मामांचं दुचाकीचं गॅरेज होतं. सुट्टीत माझं काम ठरलेलं असे: कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासायचा, प्लग पॉलिश पेपरनं साफ करायचा, पाने मापाप्रमाणे लावून ठेवायचे. पुढं नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आलो. भाड्याच्या घरामागं हिरवळीचा तुकडा होता आणि शेडमध्ये आधीच्या भाडेकरूनं सोडलेलं गवत कापायचं पेट्रोल मशीन, म्हणजे लॉनमोअर. त्याचं वरचं कव्हर काढलं तर आत सगळी ओळखीचीच मंडळी: मॅग्नेट (चुंबक बसवलेलं जड चाक), कॉइल (ठिणगीसाठी वीज तयार करणारं वेटोळं), प्लग, कार्बोरेटर. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर हिवाळ्यात पाच-सहा जुनी मशिनं हाताखालून जातात. आपल्याकडची इथं आलेली मुलं विचारतात, कुठून सुरुवात करू? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं मशीन निवडताना देखण्या मशिनाच्या नादी लागू नका. एकच पातं गरगर फिरणारं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं चार स्ट्रोकचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं साधं इंजिन घ्या. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या या कंपनीनं अशी इंजिनं इतक्या प्रमाणात बनवली की सुटे भाग आजही सहज मिळतात. इंजिनाच्या पत्र्यावर आकडे ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. ८५०६१२ नं सुरू होणारा कोड म्हणजे इंजिन १२ जून १९८५ चं. भाग मागवताना हेच आकडे लागतात, म्हणून घासपूस करण्याआधी ते वहीत उतरवून घ्या.

आता कामाचा क्रम. मामा म्हणत, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मग करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, मग पेट्रोल. नवशिका बरोबर उलटं करतो, थेट कार्बोरेटर खोलून बसतो. पण कॉम्प्रेशनच नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते. प्लगची टोपी काढून बाजूला अडकवा आणि मॅग्नेट हातानं उलट्या दिशेनं जोरात फिरवा. इंजिन धड असेल तर ते झटक्यानं मागं उसळतं. गेज लावून फार काही कळत नाही, कारण दोरी सहज ओढता यावी म्हणून या इंजिनांत थोडा दाब मुद्दाम सोडून दिलेला असतो. उसळी आली नाही तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह नीट बसत नसतो. बाजूच्या व्हॉल्व्हचं हेड काढणं सोपं, आणि लॅपिंग पेस्ट लावून हातानं व्हॉल्व्ह घासणं हे तर शिकायला सगळ्यात छान काम. करडी, अखंड कडी उमटली की समजायचं, जमलं.

करंट बघायला नवा प्लग लावा, गॅप ०.०३० इंच. जुन्या इंजिनांत मॅग्नेटखाली पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं) आणि कंडेन्सर असतो. वर्षानुवर्षं मशीन पडून राहिलं की पॉइंटवर पातळ थर धरतो आणि तेवढ्यानं करंट तुटतो. बारीक पेपरनं घासा, मग स्वच्छ कोरा कागद मधून ओढा, गॅप ०.०२० इंच ठेवा. चेतकचे पॉइंट ज्यानं साफ केलेत त्याला यात नवं काही नाही. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची असते, आणि खरोखरच कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळतात.

इथं एक प्रसंग सांगतो, कारण त्यानं माझी काम करायची पद्धत बदलली. गल्लीतल्या एका वयस्क बाईंचं नव्वदच्या दशकातलं मशीन आलं. कॉम्प्रेशन उत्तम, करंट निळा, पेट्रोल ताजं. तरी दोरी ओढली की एखादा ठोका आणि हाताला उलटा हिसका. तीन आठवडे मी कार्बोरेटर खोलून बसवत राहिलो. दोनदा नवं पॅकिंग कापलं. शेवटी त्यांना विचारलं, बंद पडलं तेव्हा नेमकं काय झालं होतं? त्या म्हणाल्या, झाडाच्या मुळावर आपटलं. हे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. पातं थेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं. ते मुळाला अडकून क्षणात थांबलं, पण वरचं जड मॅग्नेट फिरतच होतं. क्रँक आणि मॅग्नेटमधली चावी, म्हणजे खाचेत बसणारा छोटा तुकडा, मऊ धातूची असते, ती अर्धी कापली गेली आणि मॅग्नेट जागेवरून किंचित सरकलं. ठिणगी कधी पडायची हे मॅग्नेट कॉइलसमोरून कधी जातं त्यावर ठरतं, म्हणजे टायमिंगच गेलं. पुलरनं मॅग्नेट काढलं, चावी बदलली, आणि दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. ही चावी मुद्दाम मऊ ठेवलेली असते, क्रँक आणि मॅग्नेटचं मोठं नुकसान टळावं म्हणून. तिथं कधीही स्टीलची चावी बसवू नका. मॅग्नेटवर हातोडाही चालवू नका, त्याच्या कडेच्या पंख्याच्या पाकळ्या ओतीव असतात, पटकन तुटतात.

मशीन कुठं होतं, शेवटचं कधी चाललं, कशावर आपटलं, पेट्रोल कुठलं भरलं, हे प्रश्न आता मी पाना हातात घेण्याआधी विचारतो.

पेट्रोलचा त्रास ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून वाढला. तेव्हा साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. जुन्या मशिनांत मी सुपर अनलेडेड, म्हणजे ई५ भरतो. टाकीवरच बसवलेल्या कार्बोरेटरमध्ये एक पातळ पडदा असतो, तो पापडासारखा कडक झाला की पेट्रोल वर चढत नाही. साफ करत बसू नका, नवाच घाला. गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगा आणि तारा मात्र सोडवण्याआधी फोटो काढा. कोणतं टोक कोणत्या भोकात होतं हे नंतर आठवत नाही, आणि चुकीच्या भोकात बसवलं तर इंजिन मर्यादेबाहेर पळतं.

हे सगळं हाताला आलं की मग सिलिंडरच्या मोअरकडे वळा, खरा आनंद तिथं आहे. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळ लोकरीच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव कातरून सारखी करणारं यंत्र पाहून एडविन बडिंगनं १८३० मध्ये तीच युक्ती गवताला लावली आणि पेटंट घेतलं. म्हणून या मोअरमध्ये पात्यांचं रीळ फिरतं आणि खालच्या स्थिर पात्याशी मिळून कात्रीसारखं काम करतं. ते जुळवताना वर्तमानपत्राचा कागद मध्ये धरून रीळ हातानं फिरवायचं. पूर्ण रुंदीत कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे, पण पातं पात्यावर घासता कामा नये. एका बाजूला कापतोय, दुसरीकडे दुमडतोय, असं असेल तर दुमडणाऱ्या बाजूचा स्क्रू अगदी थोडा आवळा. हे घाईत होत नाही. माझ्या पहिल्या ॲटको कंपनीच्या मोअरवर अख्खा रविवार गेला होता. ॲटको १९२१ पासून इथंच, बर्मिंगहॅमात बनू लागलं, आणि त्याच शहरात ते दुरुस्त करताना मला वेगळंच समाधान मिळतं.

जुन्या ब्रिटिश मशिनांचे नट व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे इंचातल्या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात. आपल्याकडं अजून सुताचं माप चालतं, इंचाचा आठवा भाग म्हणजे १ सूत, त्यामुळे अपूर्णांकांची भीती वाटणार नाही. पण व्हिटवर्थ पान्यावर नटाच्या तोंडाचं नव्हे, बोल्टच्या जाडीचं माप लिहिलेलं असतं. त्यामुळे अर्धा इंच लिहिलेला अमेरिकन पाना अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ नटावर चढतच नाही. जबरदस्ती केली की कोपरे गोल होतात. काही ठिकाणी उलटे आटेही असतात, सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दिशा तपासा.

जिवाला जपा. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायचीच, इंजिन थंड आणि बंद असलं तरी. मशीन आडवं करताना कार्बोरेटर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये शिरतं. जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथं हवा मारून धूळ उडवू नका.

कमाईचं विचाराल तर, एखाद्या जुन्या मशिनामागं घातलेल्या तासांचा मोबदला मिळत नाही. पैसे नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये आहेत: ऑइल, प्लग, फिल्टर, पात्याला धार. काम फेब्रुवारीच्या शेवटापासून एकदम येतं, म्हणून जुनी मशिनं नोव्हेंबरातच उघडा. पूर्णवेळ यात यायचं असेल तर लँड-बेस्ड सर्व्हिस इंजिनिअर ही लेव्हल २ ची अप्रेंटिसशिप आहे, लँकशरमधल्या मायर्सको कॉलेजसारख्या ठिकाणी हा विषय शिकवतात. माझ्या मते आयटीआय केलेल्या मुलाला हाताच्या कामात काही अडणार नाही, फक्त इथली कागदपत्रं आणि सुरक्षेचे नियम नव्यानं शिकावे लागतील. साउथपोर्टला मोअरचं संग्रहालय आहे, एकदा जाऊन या. मूळ रंग आणि टाकीवरचं चिन्ह कसं होतं हे तिथं डोळ्यांनी दिसतं. मी स्वतः जुना रंग शक्यतो खरवडत नाही, साबणाच्या पाण्यानं धुऊन वर मेण लावतो.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि ऑइल गरम असतानाच बदला. प्लगच्या भोकातून चमचाभर ताजं ऑइल सोडून दोरी दोनदा हळू ओढा आणि प्लग परत बसवा. मग पुन्हा हळूच ओढत न्या आणि हाताला कॉम्प्रेशन जड लागलं की तिथंच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, शेडमधली ओल आत शिरत नाही.