भीमेत गळानं चिलापी धरताना

संथ डोहात चिलापी माशाला जाड दोरी नको, 0.25 मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा धागा) आणि 8 नंबरचा गळ पुरतो. गळापासून वीतभर वर ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं दाबा, त्याच्या वर बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. मोरपिसाचा देठ असेल तर विकतचा बोया कशाला? गळ तळापासून चार बोटं वर राहिला पाहिजे.

गांडूळ अख्खं ओवू नका. लोंबतं शेपूट मासा कुरतडून नेतो, बोया नुसता थरथरतो. इंचभर तुकडा घ्या, गळाचं टोक जेमतेम झाकलेलं. बोया तिरका सरकत बुडाला की मनगटानं हलका झटका. जोरात ओढलं तर ओठ फाटून मासा सुटतो. गळ काढताना पाठीचे काटे मागे दाबूनच धरा, नाहीतर तळहातात घुसतात.

उजनी धरणातून पाणी सोडलं असेल तर नदीत उतरूच नका.