'इसार' कधी म्हणावे आणि कसे म्हणावे

सौदा जमिनीचा असो, जुन्या टेम्पोचा असो की बैलजोडीचा, बोलणे पक्के झाले की थोडे पैसे आधी द्यायचे ही आपली जुनी रीत. त्या पैशाला इसार म्हणतात, बऱ्याच गावांत विसार. शहरात हल्ली 'टोकन' चालते. गोची अशी, की आधी दिलेल्या कुठल्याही रकमेला लोक इसार म्हणून मोकळे होतात आणि सौदा फिसकटला की "इसार होता, परत कसला?" आणि "इसार कसला, आगाऊ दिले होते" अशी जुंपते.

१. पैसे कशापायी दिले, ते आधी ठरवा

इसारात तीन गोष्टी येतात. सौदा पुरा झाला तर तो किमतीत वळता होतो. देणाऱ्याने माघार घेतली तर तो बुडतो. आणि घेणाऱ्यालाही तो बांधून ठेवतो: इसार घेतल्यावर मालकाने तोच माल दुसऱ्याला दाखवायचा नसतो. मालक उलटला तर इसार परत करावा लागतो. काही पावत्यांत तर दुप्पट परत करण्याची अट घातलेली असते.

यातली बुडण्याची गोष्ट ठरलेली नसेल, नुसती किमतीतली काही रक्कम लवकर दिली असेल, तर ती 'आगाऊ रक्कम'. वाक्यही तसेच करावे: "किमतीपैकी एक लाख आगाऊ दिले."

कोर्टातही हाच फरक पाहतात. करार पाळला जावा म्हणून दिलेला इसार जप्त करता येतो, पण निव्वळ किमतीचा भाग म्हणून दिलेली रक्कम तशी जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका घराच्या व्यवहारात सांगितले. म्हणजे पावतीवर वर ठळक 'इसार' लिहिले आणि आत बुडण्याची अटच नाही, तर त्या मथळ्यावर फार विसंबू नये.

२. क्रियापद जुळवा

इसार देतात, घेतात, धरतात, वळता करतात. आणि तो बुडतो. 'इसार भरला' कानाला खटकते, कारण भरतात ती अनामत. रोजच्या बोलण्यातली वाक्ये अशी होतील:

"अण्णा, हा पन्नास हजारांचा चेक इसार म्हणून धरा. बाकीचे खरेदीखताच्या दिवशी."

"टेम्पो दाखवला असता हो, पण कालच एकाचा इसार घेतलाय."

"ऐन वेळी पोराने नाही म्हटलं, दहा हजारांचा इसार बुडाला."

रकमेचा उल्लेख करताना 'इसारापोटी' सगळ्यात सोयीचे: "इसारापोटी पन्नास हजार मिळाले."

एक वाक्य मात्र टाळाच: "इसार देऊन जमीन घेतली." जमीन घेतली कुठे? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे विक्रीच्या नुसत्या कराराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी नोंदणी केलेले खरेदीखत लागते. म्हणून "जमिनीचा इसार दिलाय, खरेदी व्हायचीये" असे म्हणावे. पाहुण्यांत "जमीन घेतली" म्हणून पेढे वाटणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, ते सोडा.

३. शेजारचे शब्द शेजारीच ठेवा

बयाणा आणि इसार बऱ्याच ठिकाणी एकाच अर्थाने चालतात. तरी मांडव, बँड, आचारी अशा कामांना बयाणा जास्त शोभतो: "बँडवाल्याला बयाणा दिला का?" तमाशाच्या फडाला मात्र बयाणा नव्हे, सुपारी देतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेसाठी तिथे सुपारी द्यायला येतात. गुन्हेगारी बातम्यांनी हा शब्द पार बदनाम केला, पण तिथे तो अजून सरळ अर्थाने नांदतो.

अनामत म्हणजे अट पाळली तर परत मिळणारी ठेव. ती किमतीत वळती होत नाही. भाड्याच्या घराची असते तशी निवडणुकीचीही: खुल्या वर्गातल्या उमेदवाराला लोकसभेसाठी २५,००० आणि विधानसभेसाठी १०,००० रुपये भरावे लागतात. पराभूत उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते नसतील, तर ती जप्त होते. 'घराचा इसार' आणि 'घराची अनामत' यांत म्हणूनच सरळ घर विकत घेणे आणि भाड्याने घेणे इतका फरक पडतो.

उचल ही कामावरची. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतात आणि तोडणी करून फेडतात. तिला इसार म्हणू नये.

४. लिहिताना सैल राहू नका

बोलण्यात थोडे इकडेतिकडे चालते. मोबाइलवरच्या संदेशात किंवा पावतीवर नाही. "पैसे पाठवले, बघा" हा संदेश उद्या कुणाच्याच कामाचा नाही. त्याऐवजी:

"गट नंबर अमुकमधील वीस गुंठे जमिनीच्या ठरलेल्या किमतीपैकी इसारापोटी ५०,००० रुपये आज बँकेतून पाठवले. खरेदीखत तीन महिन्यांत. मी माघार घेतल्यास इसार बुडेल. तुम्ही घेतल्यास तो पूर्ण परत."

'बँकेतून' हे उगाच घातलेले नाही. जमीन-घराच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे, आणि दंड पैसे घेणाऱ्याला बसतो, तोही तेवढ्याच रकमेइतका होऊ शकतो. दोघांचेही उत्पन्न शेतीचे असून कोणालाच आयकर लागत नसेल, तर सूट मिळते.

बिल्डरकडे नवीन फ्लॅट घेताना हा शब्द फारसा कामाला येत नाही. तिथे 'बुकिंगची रक्कम' म्हणावे. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याप्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तेव्हा "आधी वीस टक्के टोकन द्या, करार नंतर करू" असे कोणी म्हटले, तर उत्तर तयार ठेवा: "आधी कराराची तारीख सांगा."