प्रतिद्रव्य शिकताय? मग या चुका टाळा

बहुतेक कणांना तितक्याच वस्तुमानाचा, पण प्रभारासारखे गुण उलट असलेला एक जुळा असतो, तो प्रतिकण; अशा प्रतिकणांचं बनलेलं ते प्रतिद्रव्य. कण आणि प्रतिकण भेटले की दोघंही नष्ट होऊन ऊर्जा बाहेर पडते. म्हणून प्रतिद्रव्याचं नाव काढलं की मुलं थेट स्फोटावर उडी मारतात. प्रोटॉनमध्ये कोणते क्वार्क (त्याचे घटक कण) असतात हे धड सांगता येत नाही, पण एक ग्रॅम प्रतिद्रव्यात किती ऊर्जा हे तोंडपाठ. त्या घाईतूनच पुढच्या चुका होतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा प्रतिकण) भेटले की एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, बाहेर पडताना दाखवणं. एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक होतो. मुलांनी भलामोठा फलक लावला होता. डावीकडून इलेक्ट्रॉन, उजवीकडून पॉझिट्रॉन, मध्ये पिवळाधमक स्फोट आणि वर जाणारा एकुलता एक गॅमा फोटॉन. खाली ठळक अक्षरांत ऊर्जा, १.०२२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. आकडा अगदी बरोबर.

मी विचारलं, "हा वरच का गेला?"

"सर, तो कुठेही जाऊ शकतो."

"जाऊ दे. पण जाताना संवेग घेऊन गेला. तो आणला कुठून?"

कोणी बोलेना. शेवटी त्यांच्या बाई म्हणाल्या, "सर, एवढं खोल अभ्यासक्रमात नाही." खोल कसलं? संवेगाची अक्षय्यता, म्हणजे टकरीआधी आणि टकरीनंतर एकूण संवेग तेवढाच राहतो हे, ही मुलं कधीच शिकून बसली होती. ती अक्षय्यता फक्त गाड्यांच्या टकरीला लागू पडते, असा त्यांचा समज होता.

दोन्ही कण जवळजवळ स्थिर असतील तर सुरुवातीचा एकूण संवेग शून्य. फोटॉन तर संवेगाशिवाय असूच शकत नाही. म्हणून मोकळ्या जागेत एकट्या फोटॉनने हिशेब जुळत नाही. बहुतेक वेळा दोन फोटॉन निघतात, प्रत्येकी ०.५११ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे, एकमेकांच्या उलट दिशांना. रुग्णालयातलं पेट स्कॅन, म्हणजे रुग्णाच्या शरीरात दिलेल्या द्रव्यातून निघणाऱ्या पॉझिट्रॉनवरून काढलेली प्रतिमा, याच गोष्टीवर चालतं. रुग्णाभोवतीच्या कड्यातले दोन शोधक जवळजवळ एकाच क्षणी फोटॉन टिपतात, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ती घटना घडलेली असते. कणांची कोणतीही अभिक्रिया लिहिली की मी समासात आधी तीन गोष्टी तपासतो: प्रभार, ऊर्जा, संवेग. मुलं पहिली तपासून पेन खाली ठेवतात.

दुसरी लाडकी चूक क्लाउड चेंबरच्या, म्हणजे कणाच्या वाटेवर बारीक थेंबांची रेषा उमटवणाऱ्या पेटीच्या, फोटोंची. "रेषा उलटी वळली, म्हणजे पॉझिट्रॉन." नाही! चुंबकीय क्षेत्रात वरून खाली येणारा पॉझिट्रॉन आणि खालून वर जाणारा इलेक्ट्रॉन यांच्या रेषा सारख्याच वळतात. कण कुठून कुठे गेला हे कळल्याशिवाय त्या वळणाला काडीचा अर्थ नाही. १९३२ मध्ये पॉझिट्रॉन शोधणारे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसन यांनी यासाठीच चेंबरमध्ये ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला होता. पत्रा ओलांडताना कणाची ऊर्जा कमी होते आणि त्यापुढे रेषा जास्त वळते. त्यांच्या प्रसिद्ध फोटोत जास्त वळण पत्र्याच्या वरच्या बाजूला आहे, म्हणजे कण खालून वर गेला होता. दिशा ठरली तेव्हा प्रभार धन ठरला. तो प्रोटॉन असता तर इतकं वळण घेऊन एवढा लांब जाऊच शकला नसता. फोटो पाहून उत्तर फेकणाऱ्यांना मी आधी विचारतो, पत्रा कुठे आहे?

"न्यूट्रॉनला प्रभार नाही, म्हणून त्याचा प्रतिकण नाही" हेही दरवर्षी ऐकतो. न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन जातीचे क्वार्क, प्रतिन्यूट्रॉनमध्ये त्यांचेच प्रतिक्वार्क. प्रभाराची बेरीज दोन्हीकडे शून्य, ऐवज वेगळा. १९५५ मध्ये बर्कलीत प्रतिप्रोटॉन सापडला, पुढच्याच वर्षी प्रतिन्यूट्रॉन. फोटॉन मात्र खरोखरच स्वतःचा प्रतिकण आहे.

न्यूट्रॉनचा ऱ्हास, म्हणजे त्याचं आपोआप दुसऱ्या कणांत बदलणं, लिहिताना प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनसोबत प्रतिन्यूट्रिनो येतो, न्यूट्रिनो नव्हे. प्रतिकण दाखवण्यासाठी चिन्हाच्या डोक्यावर काढायची आडवी रेघ विसरू नका.

प्रतिद्रव्याचं वस्तुमान ऋण नसतं आणि ते वर पडत नाही. २०२३ मध्ये सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या आल्फा प्रयोगात प्रतिहायड्रोजन (प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉनचा अणू) खालीच पडताना दिसला.

प्रतिद्रव्य म्हणजे इंधनाची खाण, असं निबंधात लिहू नका. ते बनवायला त्यातून मिळेल त्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. आणि तो एक ग्रॅमचा हिशेब करायचाच असेल तर समोरचं एक ग्रॅम साधं द्रव्यही धरा. दोन्ही नष्ट होतात, म्हणून वस्तुमान दोन ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे १.८ × १०¹⁴ ज्यूल. निम्मं उत्तर लिहिलेल्या वह्या माझ्याकडे ढिगाने येतात.