मृगात बदला अझेलियाची कुंडी

मृगाचा पाऊस पडून गेला, हवेतली काहिली निवली आणि आभाळ दोन-चार दिवस भरलेलं राहिलं, की अझेलिया या फुलझुडपाच्या बोन्सायची कुंडी बदलायला घ्या. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यासाठी मी हीच वेळ सांगतो. आपल्याकडे अझेलियाची फुलं फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटोपतात, आणि फुलं संपली की लगेच कुंडी बदला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे मार्चनंतर एप्रिल-मे येतो. नुकतीच मुळं छाटलेल्या झाडाला ते ऊन सोसत नाही. म्हणून मार्चमध्ये सुकलेली फुलं देठासकट खुडायची, बी धरू द्यायचं नाही, उन्हाळा शेडनेटखाली काढायचा आणि मुळांना हात जूनमध्येच लावायचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत मार्चमध्ये काम उरकलं तरी चालतं.

ही वेळ मी मनानं काढलेली नाही. बोन्सायसाठी जपानमध्ये जी अझेलिया सर्वांत जास्त वापरतात तिचं नाव सात्सुकी, म्हणजे तिथल्या जुन्या पंचांगातला पाचवा महिना. ती मेअखेर ते जूनमध्ये फुलते. तिथले बरेच जण फुलं उतरवून त्सुयु, म्हणजे त्यांच्या पावसाळ्याच्या तोंडावर, कुंडी बदलतात. टोकियोच्या आसपासच्या कांतो भागात त्सुयु सरासरीनं 7 जूनच्या सुमारास लागतो. आपला मृग लागतो 7-8 जूनला. झाड त्याच कुळीतलं, दमट हवाही तशीच, मग आपण मार्चचा हट्ट का धरायचा?

एक गैरसमज मात्र आधी काढून टाका. सात्सुकीच्या मूळ जातीचं शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम. लिनियसनं 1753 मध्ये तिला इंडिका म्हटलं, पण झाड जपानचं आहे. नाव वाचून ते मुंबई-रत्नागिरीच्या उकाड्यात आनंदानं राहील असं समजू नका. किनारपट्टीवर मी अझेलियाचा आग्रह धरणार नाही.

आता मातीकडे वळू. खरं काम तिथेच आहे.

अझेलियाला सोटमूळ नसतं. केसांसारखी बारीक तंतुमुळं वरच्या वर पसरतात आणि दोन-तीन वर्षांत कुंडीत त्यांचं घोंगडं होतं. या मुळांना ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी लागतात. शेतकऱ्याला एका शब्दात सांगायचं तर अझेलियाच्या कुंडीत बारा महिने वाफसा हवा. शिवाय माती आम्लधर्मी हवी, सामू (पीएच) 5 ते 6. तो वर चढत गेला की मुळांना लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपली काळी माती या दोन्ही बाबतीत अगदी उलट: चुनखडीयुक्त, बहुतेक ठिकाणी सामू साडेसातच्या पुढे, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. पोयटा, शेणखत आणि वाळू हे कुंडीचं नेहमीचं मिश्रण गुलाबाला, मोगऱ्याला द्या. अझेलियाला देऊ नका.

माझी पहिली अझेलिया मी असंच मिश्रण देऊन घालवली. जुलैत पानं पिवळी पडली. लोह कमी पडलं म्हणून हिराकस घातलं, पाणी मात्र बोअरचंच देत राहिलो. दिवाळीच्या आधी झाड उपटलं तेव्हा बाहेरची माती नुसता चिखल होती आणि खोडाखाली मुठीएवढा गोळा कोरडा ठणठणीत, सुकलेल्या काथ्यासारखा. नर्सरीच्या पिशवीतला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गोळा मी मोकळा न करता तसाच लावला होता. मुळांनी गच्च भरलेला असा गोळा एकदा पूर्ण सुकला की सहजासहजी पाणी आत घेत नाही. पाणी भोवतालच्या मातीतून निघून जायचं आणि गोळ्यात शिरतच नव्हतं. झाडाची बाहेरची मुळं कुजून गेली आणि आतली तहानेनं. तेव्हापासून नवीन आणलेल्या प्रत्येक अझेलियाचा गोळा मी स्वतःच्या हातानं उघडून बघतो.

जपानी लोक सात्सुकीला कानुमा माती वापरतात. तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहरावरून हे नाव पडलं. शेजारच्या गुन्मा प्रांतातल्या अकागी ज्वालामुखीनं सुमारे 45 हजार वर्षांपूर्वी उधळलेला सच्छिद्र दगड तिथे जमिनीखाली थरानं सापडतो, त्याचेच हे दाणे. हलके, आम्लधर्मी, फिकट पिवळे. ओला झाला की दाणा गडद होतो, वाळू लागला की पुन्हा फिका. पाणी कधी द्यायचं ते दाण्याच्या रंगावरूनच कळतं. दोष एकच, दाणा मऊ असतो. चिमटीत दाबला तर भुगा होतो, आणि तीन-चार वर्षांत कुंडीतही तेच घडतं. म्हणून पिशवी फोडल्यावर आधी चाळून पीठ काढून टाका. परदेशातून येत असल्यानं ही माती महाग पडते. जुनं, जपलेलं झाड असेल तर पैसे घाला. रोपांवर तो खर्च करू नका.

रोपांसाठी आपल्याकडे जांभा आहे. कोकणातल्या चिरेखाणीवर पडलेला चुरा आणा, चाळा, 3 ते 6 मिलिमीटरचे दाणे ठेवा आणि धूळ फेकून द्या. बारीक लाल माती तशीच भरली तर उथळ कुंडीत तिचा लगदा होतो, म्हणून चाळणीचा कंटाळा करू नका. मी चार भाग जांभ्याचे दाणे, तीन भाग पाइनच्या सालीचे तुकडे (ऑर्किडसाठी विकतात तेच), दोन भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि एक भाग कोकोपीट घेतो. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. दाण्यांबद्दल शंका आली तर थोड्यांवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर त्यात चुना आहे, तो माल परत करा. याच कारणानं सिमेंटची कुंडी, पाडलेल्या भिंतीच्या विटांचे तुकडे, संगमरवरी खडे आणि चुलीची राख यातलं काहीही अझेलियाजवळ येऊ देऊ नका. राख झाडांना चांगली म्हणून घरातली वडीलधारी माणसं मायेनं घालतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

माती कितीही चांगली भरली तरी बोअरचं जड पाणी वर्षभरात तिचा सामू चढवतं. पावसाचं पाणी पिंपात साठवा. पिंप संपलं की बादलीत लिंबूसत चिमूटभर टाकून, ढवळून, सामूच्या कागदानं तपासा आणि 6 च्या खाली आलं की थांबा. माप सांगत नाही, कारण प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं असतं.

आता प्रत्यक्ष काम. ढगाळ दिवस निवडा, सावलीत बसा आणि हाताशी पाण्याचा फवारा ठेवा. ही बारीक मुळं उघडी राहिली की बघता बघता सुकतात. झाड कुंडीतून काढलं की घोंगड्याचा तळ छोट्या करवतीनं सरळ कापा. मग बाहेरून आत काडीनं विंचरत या. एकूण एक तृतीयांश मुळं गेली तरी निरोगी झाडाला चालतं. खोडाखालचा गाभा पाण्याची धार मारून मोकळा करा, सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या. नर्सरीतून पहिल्यांदाच कुंडीत येणाऱ्या झाडाची मात्र एकच बाजू धुवा, दुसरी बाजू पुढच्या खेपेला. छिद्रांवर जाळी, तळाला जाड दाणे, वर मिश्रण आणि झाड तारेनं कुंडीला घट्ट बांधायचं. हलत राहिलं तर नवी मुळं धरतच नाहीत. काडीनं दाणे हळूच सरकवा, भोसकू नका. वर भिजवलेल्या स्फॅग्नम मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) पातळ थर द्या आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घाला.

फांद्यांची छाटणी करायची तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याला असतो, अझेलियाचा जोर खाली असतो. बुंध्याजवळचे आणि खालच्या फांद्यांचे फुटवे बिनधास्त काढा, शेंड्याला जपून हात लावा. पुढच्या हंगामाच्या कळ्या पावसाळ्यात धरायला लागतात, म्हणून जुलै संपला की कात्री ठेवून द्यायची.

छाटलेली पानं गोठ्याकडे टाकू नका. अझेलियाचं पान विषारी असतं आणि शेळी ते चटकन तोंडात घेते. खड्ड्यात पुरा किंवा जाळा. घरात कुत्रा असेल तर त्यालाही लांब ठेवा.

कुंडी बदलल्यावर तीन-चार आठवडे सावली आणि वाऱ्याचा आडोसा हवा. झडीचा पाऊस लागला तर कुंडी पत्र्याखाली घ्या. रिमझिम चालते, पण आठ-आठ दिवस ठिबकत राहिलेल्या कुंडीत मूळकूज शिरते. पाऊस उघडला की उलटी काळजी: वरचं मॉस ओलं दिसलं तरी बोट घालून खालचा दाणा बघा. सहा आठवडे खत नाही. त्यानंतर, म्हणजे साधारण श्रावणाच्या सुमारास, नवी फूट गर्द हिरवी दिसली तर मोहरीच्या पेंडेच्या सुपारीएवढ्या दोन-तीन गोळ्या कुंडीच्या कडेला ठेवा. फूट पिवळट असेल तर पेंड थांबवा, आधी पाण्याचा सामू तपासा आणि चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येणारं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा.