टर्मिनलवर लिंक आणि रंग: बेळगाव सीमाभागातल्या नवशिक्या प्रोग्रॅमरांसाठी

समजा तुमचा प्रोग्रॅम टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या मजकुराच्या खिडकीत, निपाणी, खानापूर, चिकोडी अशी यादी छापतो. नाव ठळक दिसावं आणि त्यावर क्लिक केलं की नकाशा उघडावा. दोन्ही कामं एस्केप या एकाच अक्षराने सुरू होतात. त्याचा क्रमांक २७.

ठळकसाठी एस्केप, उघडता चौकटी कंस, १ आणि इंग्रजी छोटा एम. लाल अक्षरांना ३१, अधोरेखेला ४. ० दिला की सगळं पूर्ववत. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर कोडमध्ये देवनागरी अंक पडतो आणि टर्मिनलला तो कळत नाही. कोडमध्ये अंक इंग्रजीच (0 ते 9) हवेत.

लिंकसाठी एस्केप, बंद चौकटी कंस, ८, दोन अर्धविराम, पत्ता, मग एस्केप आणि बॅकस्लॅश. त्यापुढे दिसणारा मजकूर. शेवटी हीच रचना पुन्हा, पण पत्ता रिकामा. नवशिके नेमके इथेच अडतात: ० रंग पुसतो, लिंक बंद करत नाही. शेवट राहिला की पुढच्या ओळीही लिंक होतात.

पत्त्यात देवनागरी थेट घालू नका. तिथे ३२ ते १२६ क्रमांकांचीच अक्षरं चालतात, म्हणून देवनागरीचा प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहावा लागतो. ‘निपाणी’त युनिकोडची ६ चिन्हं, यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी ३ बाइट, आणि टक्क्याच्या चिन्हासह प्रत्येक बाइटची ३ अक्षरं. म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं. हे काम भाषेच्या लायब्ररीवर सोपवा.

तक्ता करताना आधी मोकळ्या जागा भरा, मग रंग चढवा. नाहीतर न दिसणारे कोडही लांबीत मोजले जातात आणि स्तंभ सरकतात. देवनागरीत आणखी एक अडचण आहे. काना-वेलांटीला किती जागा द्यायची, हे सगळी टर्मिनलं सारखं ठरवत नाहीत. कन्नड नावांचंही तेच. म्हणून आकडे आधी आणि नावाचा स्तंभ सर्वांत शेवटी ठेवा. साधा उपाय आहे, पण आम्हाला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो.

आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असेल तर कोड छापूच नका. पायथनमध्ये ‘इझ-ए-टी-टी-वाय’ (isatty) ने हे तपासता येतं. ‘नो कलर’ (NO_COLOR) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग, दिलेलं असेल तर रंग बंद ठेवा. आणि बाहेरून आलेला मजकूर छापण्याआधी त्यातली एस्केप अक्षरं काढून टाका, नाहीतर दुसऱ्याने घुसवलेली लिंक तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाने उघडेल.