दोन शहरांमधले अंतर आणि विमानप्रवासाचा खरा वेळ

परदेशात नव्याने आलेली मंडळी घरी जायचा विचार करू लागली की आधी किलोमीटर विचारतात. इतकी वर्षे बाहेर काढल्यावर माझे स्पष्ट मत झाले आहे की या आकड्यावरून प्रवासाची आखणी करू नये.

संकेतस्थळांवर दिसणारे अंतर हे बहुधा पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर असते. सपाट नकाशावर हाच मार्ग ध्रुवाकडे झुकलेला वाकडा दिसतो, आणि विमान उगाच वळसा घेत आहे असे वाटते. खरा वळसा पडतो तो बंद हवाई हद्दींमुळे. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला, वास्तविक ती दोन शहरे तसूभरही हललेली नव्हती.

दुसरे कारण वाऱ्याचे. मोठी विमाने ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात, परंतु मध्य अक्षांशांवर त्यांच्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला सुमारे सात तासांत पोहोचता येते, तर परतताना सुमारे आठ तास लागतात. हे वारे हिवाळ्यात अधिक प्रबळ असल्याने तेव्हा हा फरक वाढतो.

तिकिटावरच्या वेळा वाचताना मात्र नवखे सर्वाधिक गोंधळतात, कारण निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. समजा, आपले विमान रात्री साडेदहाला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उतरते, आणि उतरण्याच्या शहरातले घड्याळ साडेचार तास पुढे आहे. वरवर साडेबारा तास दिसतात, पण प्रवास आठच तासांचा असतो. परतीचे विमान दुपारी एकला निघून त्याच दिवशी संध्याकाळी सहाला पोहोचते. घड्याळात पाच तास दिसत असले तरी विमानात साडेनऊ तास काढावे लागतात. औषधे ठरावीक अंतराने घेणाऱ्यांनी आणि लहान मुले सोबत असलेल्यांनी हा हिशेब आधीच मांडून ठेवावा. काही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे केले जाते. युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलते आणि अमेरिकेत मार्चच्याच दुसऱ्या रविवारी, त्यामुळे मधल्या काळात पाठ असलेला फरकही चुकतो.

थेट विमान नसेल तर मधल्या मुक्कामाचे तासही धरावे लागतात. दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढल्यास पहिल्या विमानाला उशीर झाला तरी दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही, म्हणून थोडे महाग पडले तरी एकाच तिकिटावर प्रवास करावा, असे मी सुचवीन. यात घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ, तीन तास आधी पोहोचणे, इमिग्रेशनची रांग आणि सामानाची वाट पाहणे हे सर्व मिळवले की आठ तासांच्या उड्डाणाचे सहज चौदा तास होतात.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख विशेष जपून वाचावी. तिकिटावर १५ तारखेला ००:४० असे छापले असेल, तर आपल्याला १४ तारखेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास विमानतळावर हजर राहायचे आहे.